आधी देणेकरी, मग आरोपी

ठेकेदार ॲडव्हान्स घेऊन गायब झाला की नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत पहिला सल्ला ठरलेला असतो : चौकीवर जा आणि ४२० टाका. चौकीवर 'हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा' असे ऐकून माणूस परत आला की दुसरा सल्लाही ठरलेला : जाऊ द्या, आपल्या कायद्यात काही दम नाही. हे दोन्ही सल्ले उथळ आहेत, आणि दुसरा पहिल्याच्याच पोटातून निघतो. चुकीच्या दारावर थाप मारायची आणि दार उघडले नाही म्हणून घरात कोणी नाही असे ठरवायचे, असा हा प्रकार आहे.

माझे म्हणणे असे. पळालेल्या ठेकेदाराकडून पैसे परत मिळवायला तो लबाड होता हे सिद्ध करावे लागत नाही. तो देणे लागतो एवढेच सिद्ध करावे लागते. लबाडी सिद्ध करायची तर त्याच्या मनात शिरावे लागते. देण्याचा पुरावा मात्र बहुतेक वेळा आपल्याच मोबाइलमध्ये पडलेला असतो. म्हणून क्रम बदलला पाहिजे : आधी त्याला देणेकरी ठरवायचे, तुरुंगाचा धाक त्यानंतर आणायचा. कायदा जिथे खरोखर अपुरा पडतो ती जागा कलमांची नाही, पत्त्याची आणि वसुलीची आहे. आणि पत्त्याची उणीव एकट्या घरमालकाने भरून काढायची नसते.

१. रिकामा फ्लॅट आणि अनोळखी माणूस

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. मूळ आगरी-कोळी गावे सोडली, तर या शहरातले जवळजवळ प्रत्येक कुटुंब गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत कुठून तरी आलेले आहे. गावात सुतार कोण, गवंडी कोण, त्याचे घर कुठल्या आळीत, हे सगळ्यांना ठाऊक असते. काम अर्धवट टाकून तो जाणार तरी कुठे? वाशीत, खारघरला, उलव्याला ही सोय नाही. फ्लॅटचा ताबा मिळतो तेव्हा ओटा, कपाटे, पीओपी, लॅमिनेट सगळे करून घ्यायचे असते, आणि ठेकेदाराचे नाव मिळते वॉचमनकडून, इस्टेट एजंटकडून किंवा वरच्या मजल्यावर चाललेल्या कामावरून. व्हिजिटिंग कार्डावर नाव, मोबाइल नंबर आणि 'इंटिरिअर अँड सिव्हिल वर्क' एवढेच छापलेले. जुन्या इमारतींची गोष्ट याहून निराळी नाही. गच्ची गळते, पावसाळा तोंडावर येतो, वॉटरप्रूफिंगवाला 'मटेरियल आजच उचलावे लागेल' म्हणतो, आणि कमिटी घाईघाईत निम्मी रक्कम देऊन मोकळी होते.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. गायब होणारा प्रत्येक ठेकेदार पहिल्या दिवसापासून ठरवून आलेला नसतो. या धंद्यात स्वतःचे भांडवल फार कमी असते. नेरूळच्या कामाचा ॲडव्हान्स घणसोलीच्या कामावरच्या सुतारांच्या मजुरीत जातो; घणसोलीचा हप्ता प्लायवूडवाल्याची जुनी उधारी फेडतो. नवीन काम मिळत राहते तोवर साखळी चालते. एक गिऱ्हाईक अडले, एक काम सुटले, की साखळी तुटते, आणि ज्याचा ॲडव्हान्स शेवटी आला त्याचा ओटा तसाच राहतो. मग 'उद्या येतो', 'गावाला आलोय', 'घरी मयत झालीय' असे निरोप, आणि एके दिवशी फोन बंद. हा माणूस ठग की बुडालेला धंदेवाला? बाहेरून दोघे अगदी सारखे दिसतात. फौजदारी कायद्याला या दोघांत फरक करावाच लागतो. दिवाणी आणि ग्राहक कायद्याला तो करावा लागत नाही, आणि हेच त्याचे मोठे बळ आहे.

२. मनातला हेतू

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ४२० ची जागा कलम ३१८ च्या पोटकलम ४ ने घेतली. शिक्षा सात वर्षांपर्यंत. कलमाचा आकडा बदलला, गाभा तोच राहिला. फसवणूक म्हणजे पैसे घेताना, त्या क्षणीच, काम न करण्याचा किंवा ठकवण्याचा इरादा असणे. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या निकालात हे स्पष्ट केले, आणि त्यानंतर कितीदा तरी तेच सांगितले : आधी प्रामाणिकपणे करार केला आणि नंतर तो मोडला, तर तो करारभंग आहे, फसवणूक नव्हे. ज्या ठेकेदाराने तीन आठवडे येऊन कपाटांचे सांगाडे उभे केले, त्याच्या बाबतीत 'पहिल्यापासूनच बुडवायचे होते' हे कसे दाखवणार? त्याने केलेले अर्धे कामच त्याच्या बाजूने साक्ष देते.

विश्वासघाताचे कलम, म्हणजे ३१६, तक्रारीत सर्रास जोडले जाते. तिथेही अडचण आहे. कामाचा मोबदला म्हणून आगाऊ दिलेली रक्कम सामान्यतः त्याची होते. ती 'सांभाळायला' दिलेली नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फसवणूक आणि विश्वासघात हे दोन गुन्हे एकाच घटनेवर एकत्र नांदू शकत नाहीत असे बजावले आणि पोलिसांना हा फरक शिकवण्याची गरज बोलून दाखवली. मात्र तुम्ही स्वतः विकत आणलेल्या टाइल्सच्या पेट्या किंवा नळ त्याने तुमच्या घरातून उचलून नेले असतील, तर ती वस्तू तुमची होती आणि त्याच्या ताब्यात कामापुरती होती. तिथे ३१६ खरोखर लागू शकते. तक्रार लिहिताना हा फरक केला, तर चौकीवरचा अधिकारीही ती वेगळ्या नजरेने वाचतो.

म्हणजे 'हे दिवाणी आहे' म्हणणारा पोलिस नेहमीच टाळाटाळ करत नसतो. अनेकदा तो कायद्याने बरोबर असतो. आपला राग त्याच्यावर काढण्यात वेळ जातो, आणि तो वेळ मुदतीच्या घड्याळातून वजा होत असतो.

३. हातातले देणे

आता दुसरी बाजू. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही. तोंडी ठरलेले कामही करारच असते, फक्त ते दाखवता आले पाहिजे. कलम ७३ म्हणते की करार मोडल्यामुळे ओघाने झालेले नुकसान मोडणाऱ्याने भरून द्यावे. त्याचा हेतू काय होता, तो अडचणीत होता की मजेत, हा प्रश्नच तिथे येत नाही.

पुराव्याची चिंता लोक नको इतकी करतात. व्हॉट्सॲपवर आलेले कोटेशन, 'ओके भाऊ, सोमवारपासून सुरू करा' हा आपला होकार, यूपीआयच्या पावत्या आणि त्यांवरचा यूटीआर क्रमांक, अर्धवट ओट्याचे तारखेसह फोटो : एवढ्यातून करार उभा राहतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने नक्की केला तो महाराष्ट्रातल्याच खटल्यात. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात जुलै २०२० मध्ये निकाल आला : मूळ उपकरणच न्यायालयात हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर वेगळे प्रमाणपत्र लागत नाही, प्रत किंवा प्रिंट दाखल केली तर लागते. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम ६३ आहे. म्हणून तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, आणि रागाच्या भरात ते संभाषण डिलीट तर मुळीच करू नका.

नोटीस पाठवण्याआधी एक काम करायचे असते आणि बहुतेक लोक तेच चुकवतात : जे झाले आहे त्याची मोजणी. दुसऱ्या ठेकेदाराला किंवा आर्किटेक्टला बोलावून लेखी घ्यायचे की कोणते काम किती झाले, त्याची किंमत किती, आणि उरलेले पुरे करायला किती लागेल. दिलेल्या पैशातून झालेल्या कामाची किंमत वजा होते आणि उरलेले काम महागात पडले तर वरचा फरक त्यात मिळवता येतो. 'दिलेले सगळे परत द्या' ही मागणी अर्धे काम झालेले असताना टिकत नाही आणि मागणाऱ्याचीच विश्वासार्हता घालवते. मोजणी झाली की काम दुसऱ्याकडून खुशाल पुरे करून घ्या. पुरावा म्हणून घर दोन वर्षे उघडेबोडके ठेवा असे कायदा सांगत नाही; उलट नुकसान वाढू नये याची काळजी आपणही घेतली का, हे तो बघतो.

मग नोटीस. नोटिशीने दोन गोष्टी होतात : कामाला शेवटची तारीख ठरते, आणि ती उलटली की करार मोडला हे निश्चित होते. 'फोन उचलत नाही' ही तक्रार झाली. 'अमुक तारखेपर्यंत काम सुरू केले नाही' ही कायद्याला पकडता येणारी घटना झाली.

रोख दिलेले पैसे हा खरा कच्चा दुवा. तरीही बँकेतून काढल्याची नोंद आणि त्याच दिवशीचा 'पन्नास मिळाले' असा मेसेज एकमेकांना आधार देतात.

४. कोणत्या दारावर

घराचे काम करून देणे ही 'सेवा' आहे हे आता वादातीत आहे. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या १९९३ च्या निकालाने घरबांधणी ग्राहक कायद्याच्या कक्षेत पक्की बसवली, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येतही तिचा उल्लेख आहे. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे. ग्राहकाने स्वतःच्या पायावर उभे राहून दाद मागावी ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. तरी ठेकेदाराच्या बाबतीत हे दार लोकांना चटकन आठवत नाही. काही जण महारेराकडे धावतात. ते बिल्डर-प्रवर्तकासाठी आहे. ओटा अर्धा टाकून गेलेला ठेकेदार त्याच्या कक्षेत येत नाही.

जिल्हा ग्राहक आयोगाचे फायदे या प्रकाराला नेमके लागू पडतात. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. ५ लाखांपर्यंत फी शून्य, त्यापुढे १० लाखांपर्यंत २०० रुपये. वकील सक्तीचा नाही. आणि सर्वांत मोलाचा बदल कलम ३४ मधला : १९८६ च्या कायद्यात तक्रार समोरच्याच्या ठिकाणी किंवा जिथे व्यवहार घडला तिथे करावी लागे, आता तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथेही करता येते. ठेकेदार मुंब्र्याचा असो की दुसऱ्या राज्यातला, तुम्हाला त्याच्या जिल्ह्यात खेटे घालावे लागत नाहीत. सोसायटीही कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' आहे, त्यामुळे गच्चीच्या कामाची तक्रार कमिटी करू शकते. दुकानाच्या किंवा कंपनीच्या ऑफिसच्या कामाला मात्र 'व्यापारी हेतू'चा अडसर येतो. तिथे दिवाणी दावाच.

नवी मुंबईकरांनी एक विशेष ध्यानात ठेवावे. पोलिस आयुक्तालय एकच असले तरी शहर दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्हा; खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल, उलवे रायगड. बेलापूरकराची तक्रार ठाण्याच्या यादीत, खारघरकराची रायगडच्या, म्हणजे अलिबागला. ऑनलाइन दाखल करण्याची सोय झाल्यापासून हे अंतर पूर्वीइतके जाचत नाही, पण चुकीच्या जिल्ह्यात दाखल केलेली तक्रार परत येते आणि महिने वाया जातात.

मुदत ग्राहक आयोगात २ वर्षे, दिवाणी दाव्यात ३ वर्षे. ठेकेदाराच्या गोडगोड निरोपांनी ही मुदत वाढत नाही. एक अपवाद दिवाणी दाव्यासाठी कामाचा आहे : मुदत संपण्याआधी त्याने लेखी कबूल केले की 'तुमचे २ लाख माझ्याकडे आहेत, देतो', तर मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे त्या कबुलीपासून नवी मुदत मोजली जाते. म्हणून तो फोनवर सापडला तर शिव्या देऊ नयेत, आकडा लिहून घ्यावा. तो समेट म्हणून चेक देऊ लागला तर जरूर घ्यावा. चेक परत आला तर परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ लागते : बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे भरायला त्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार. इथे हेतूची चर्चा संपते; खात्यात पैसे नव्हते एवढे पुरते.

५. निकालानंतरची लढाई

कागद जिंकणे आणि पैसे मिळणे यांत किती अंतर असते हे ज्यांनी अंमलबजावणीची दरखास्त चालवली आहे त्यांना विचारावे. हे अंतर लपवून 'ग्राहक आयोगात जा' असे सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पुण्याच्या पाम ग्रोव्ह्ज सहकारी गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले ते अंमलबजावणीवरच. २००३ ते २०२० या काळात जुन्या कायद्याच्या कलम २५ मधल्या शब्दरचनेमुळे अंतरिम आदेशांची अंमलबजावणी होई आणि अंतिम आदेश लटकत. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते कलम 'कोणताही आदेश' असे वाचावे असे सांगून ही फट बुजवली. सतरा वर्षे इतकी उघड फट कायद्यात राहू शकते, यावरून निकालानंतरच्या टप्प्याकडे आपले लक्ष किती कमी असते ते कळते.

आजच्या कायद्यात दोन हत्यारे आहेत. कलम ७१ प्रमाणे आयोगाचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो : बँक खाते, वाहन, दुकानातला माल यांवर जप्ती. कलम ७२ प्रमाणे आदेश न पाळणे हाच गुन्हा आहे : किमान १ महिना ते ३ वर्षे कैद, किंवा किमान २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. माझ्या मांडणीचा कणा इथे आहे. लोकांना हवा असलेला तुरुंगाचा धाक ग्राहक कायद्यातही आहे, पण तो देणे ठरल्यानंतर येतो. इथे 'पहिल्यापासून फसवायचे होते' हे सिद्ध करावे लागत नाही. आदेश झाला आणि पाळला नाही, एवढे दाखवायचे. चौकीतून सुरुवात करणारा माणूस सर्वांत अवघड गोष्ट सर्वांत आधी सिद्ध करायला निघतो. आयोगातून सुरुवात करणारा त्याच वॉरंटपर्यंत कमी चढाच्या रस्त्याने पोचतो.

या टप्प्यावर यूपीआयची पावती दुसऱ्यांदा कामी येते. पैसे ज्या खात्यात गेले त्या खात्यामागे पॅन आहे, केवायसीचा पत्ता आहे. बँक तो आपल्याला देणार नाही, पण न्यायालय आणि आयोग कागदपत्रे मागवू शकतात. व्हिजिटिंग कार्डावर न मिळालेला पत्ता अनेकदा तिथे सापडतो. म्हणून 'मुलाच्या नंबरवर टाका', 'दुकानदाराला परस्पर द्या' अशी विनंती आली की थांबावे. प्रत्येक वळवलेल्या रकमेबरोबर माग अंधुक होतो.

६. मग फौजदारी केव्हा?

फौजदारी मार्ग निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. तो योग्य प्रकरणासाठी राखून ठेवला पाहिजे, इतकेच. सुरुवातीचाच खोटेपणा कशातून दिसतो? दिलेले नाव खोटे निघाले. जीएसटी क्रमांक दुसऱ्याच कोणाचा होता. कोटेशनवरचा गाळा त्याचा कधीच नव्हता. दुसऱ्यांच्या कामाचे फोटो स्वतःचे म्हणून दाखवले. आणि सगळ्यांत ठोस : त्याच महिन्यांत त्याच पद्धतीने पाच-सात घरांतून ॲडव्हान्स घेतला आणि एकाही घरात खिळा ठोकला नाही. एका घरातला करारभंग करारभंगच राहतो. सात घरांतला एकसारखा करारभंग इराद्याकडे बोट दाखवतो.

म्हणूनच चौकीवर एकट्याने जाऊन आवाज चढवण्यापेक्षा आधी आठ दिवस विचारपूस करावी. त्याला ज्याने सुचवले त्याला विचारा, त्याच्या लेबरला विचारा, प्लायवूडवाल्याला विचारा. बहुधा मजुरांची मजुरी आणि दुकानदाराची उधारीही बुडालेली असते. त्यांच्याकडे त्याच्या गावाचे नाव, भावाचा नंबर, दुसऱ्या साइटचा पत्ता असतो. सगळ्यांनी मिळून, तारखा-रकमांचा एकच तक्ता जोडून तक्रार दिली तर तिचे वजन वेगळे असते. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे हे ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी घटनापीठाने सांगितले. व्यापारी स्वरूपाच्या वादात प्राथमिक चौकशीची मुभाही त्याच निकालाने दिली. पोलिस ठाण्यात नोंद झाली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार वरिष्ठांकडे, आणि त्यानेही भागले नाही तर कलम १७५ प्रमाणे शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे. नव्या संहितेच्या कलम १०७ ने गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करून ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पीडितांना वाटण्याची वाटही उघडली आहे. अनेक घरांना एकाच माणसाने लुबाडले असेल तर या वाटेचा आग्रह धरला पाहिजे.

आणि फौजदारी तक्रार केली म्हणून ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. घड्याळ मात्र थांबत नाही : चौकीच्या फेऱ्यांत दोन वर्षे गेली तर आयोगात उशिराचे कारण पटवत बसावे लागते.

७. आक्षेप

पहिला आक्षेप अनुभवी माणसे घेतात : पोलिसांचा एक फोन गेला की पैसे येतात, आयोगात वर्षे जातात. पहिला भाग कधी कधी खरा असतो. पण तो फोन कायद्याच्या जोरावर येत नाही, ओळखीच्या जोरावर येतो; ज्याची ओळख नाही त्याच्यासाठी तो कधीच जात नाही. शिवाय न्यायालये या प्रथेवर वरचेवर नाराजी दाखवतात. जामीन देताना रक्कम भरण्याची अट घालून फौजदारी न्यायालयाने वसुलीचे काम करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सुनावले. दिवाणी वादाला गुन्ह्याचा रंग दिलेली प्रकरणे उच्च न्यायालयात रद्द होतात, आणि ती रद्द झाली की तक्रारदाराच्या हातात काहीच उरत नाही. दुसरा भागही खरा आहे : कायद्यातली तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आयोग क्वचितच पाळतात, रिकाम्या जागा आणि तारखांचे ढीग सर्वांना ठाऊक आहेत. त्यावरचा उपाय आयोग भरण्याची मागणी हा आहे. तोवर एक गोष्ट आपल्या बाजूची आहे : गायब झालेला विरोधक उत्तर देत नाही. नोटीस पोचल्यानंतर ३० दिवस आणि फार तर आणखी १५, यापुढे त्याचे म्हणणे घेता येत नाही हे घटनापीठाने २०२० मध्ये पक्के केले आहे. त्याच्या गैरहजेरीत निकाल होऊ शकतो. अडते ते नोटीस पोचण्यावर, म्हणजे पुन्हा पत्त्यावर.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 'आधार कार्ड घ्या, करार करा, टप्प्याटप्प्याने पैसे द्या' हे सगळे सांगणे म्हणजे लुबाडल्या गेलेल्यालाच दोष देणे नव्हे का? हो, तेवढेच सांगून थांबलो तर तसेच होईल. आयुष्यभराची बचत घरात घातलेल्या, ताबा मिळाल्यावर भाडे आणि हप्ता दोन्ही भरत असलेल्या कुटुंबाने ठेकेदाराची पार्श्वभूमीही तपासावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. जे काम व्यवस्थेने करायला हवे ते आपण सावधगिरीच्या नावाखाली प्रत्येक घरावर टाकले आहे.

८. पत्ता कोणी ठेवायचा

वायरिंगचे काम करणाऱ्या विद्युत ठेकेदाराला राज्याचा परवाना लागतो. नळजोडणी करणाऱ्या प्लंबरला महापालिकेचा परवाना लागतो. पण इमारतीच्या आत भिंती तोडणारा, पाच-दहा लाख हाताळणारा, दहा मजूर कामाला लावणारा ठेकेदार कुठल्याही नोंदीशिवाय काम करू शकतो. कॅलिफोर्नियात १ हजार डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला ठेकेदाराकडे परवाना लागतो, परवान्यासाठी २५ हजार डॉलरचा बाँड ठेवावा लागतो, आणि घरदुरुस्तीच्या करारात ॲडव्हान्स १० टक्के किंवा १ हजार डॉलर यांतल्या कमी रकमेहून जास्त घेता येत नाही. तिथली पद्धत जशीच्या तशी उचला असे मी म्हणत नाही. रकमा इथल्या असाव्यात. पण त्यामागचा विचार इथे अगदी लागू आहे : ॲडव्हान्सला मर्यादा आणि माणसाची नोंद, या दोन गोष्टी राज्याने ठरवल्या की भांडण सुरू होण्याआधीच अर्धे मिटते.

राज्याने हे करेपर्यंत सोसायट्यांच्या हातात पुष्कळ आहे. आजही नवी मुंबईतल्या बहुतेक सोसायट्या इंटिरिअरच्या कामाला परवानगी देताना फ्लॅटमालकाकडून अर्ज आणि अनामत घेतात, डेब्रिज कुठे टाकायचे आणि हातोडा किती वाजेपर्यंत चालवायचा ते लिहून घेतात. गेटवर लेबरची नावे वहीत चढतात. घरकाम करणाऱ्या बाईचे पोलिस व्हेरिफिकेशन मागितले जाते. तिच्या मालकिणीकडून लाखो रुपये घेणाऱ्या ठेकेदाराचे मात्र नाव आणि मोबाइल पुरते. त्याच परवानगी-अर्जात चार रकाने वाढवावेत : ठेकेदाराचा पॅन, कायमचा पत्ता, ज्या खात्यात पैसे घेणार ते खाते, आणि टप्पेवार रकमांचा ठरलेला तक्ता त्याच्या सहीसह. याला कुठलाही नवा कायदा लागत नाही, कमिटीच्या एका ठरावाने होते. शंभर फ्लॅटच्या सोसायटीत दोन वर्षांत इतके ठेकेदार येऊन जातात की कोणी अर्धवट सोडले याची नोंद आपोआप तयार होईल.

याने छोटा सुतार मारला जाईल, मोठ्या कंपन्यांचे फावेल, अशी शंका काही जण घेतात. नोंद विनाशुल्क ठेवली तर तसे होण्याचे कारण नाही. उलट बाजूही बघावी. काम पुरे झाल्यावर 'हे बरोबर नाही, ते बरोबर नाही' म्हणत शेवटचा हप्ता दाबून ठेवणारे घरमालक या शहरात कमी नाहीत, आणि ज्याची मजुरी अशी बुडते त्या सुताराकडे आज दाखवायला एक ओळ नसते. सोसायटीच्या अर्जावरचा तो टप्पेवार तक्ता त्याच्याही कामाचा आहे : दिवाणी न्यायालयात त्याने मागायची रक्कम त्यावरच लिहिलेली असेल, घरमालकाच्या सहीसह.